चेहरा कोरडा, पाठ चिंब

(दृश्य: पळणाऱ्या माणसाची पाठ. टी-शर्ट घामाने अंगाला चिकटलेला.)

याच माणसाचा चेहरा आता समोरून बघा. लालबुंद झालाय, पण कपाळावर घामाचा एक थेंब नाही. कारण हाताचा घाम थांबवण्यासाठी त्याच्यावर शस्त्रक्रिया झालेली आहे.

हाताला सतत घाम येण्याचा त्रास फार वाढला, की काही जणांवर दुर्बिणीतून एक शस्त्रक्रिया करतात. छातीच्या पोकळीत, पाठीच्या कण्याला लागून सिम्पथेटिक मज्जातंतूंची, म्हणजे घामासारख्या आपोआप चालणाऱ्या कामांचे हुकूम नेणाऱ्या मज्जातंतूंची, एक साखळी असते. तिचा वरचा भाग कापतात किंवा क्लिप लावून चिमटतात. घामग्रंथी जागच्या जागीच राहतात, फक्त त्यांच्यापर्यंत हुकूम पोहोचत नाही. तळहात कोरडे होतात, बऱ्याचदा त्याच दिवशी. साखळी किती वर कापली त्यावर चेहरा, मान आणि डोक्याचा घामही कमी होतो किंवा थांबतो.

मग शरीर घाम दुसरीकडून काढतं. पाठ, पोट, छातीचा खालचा भाग, मांड्या. हा भरपाईचा घाम या शस्त्रक्रियेचा सर्वांत जास्त आढळणारा दुष्परिणाम आहे. कुणाला तो जाणवतही नाही, तर कुणाला दिवसातून दोनदा कपडे बदलावे लागतात. त्यामुळे ‘घाम गेला’ म्हणणं अर्धवट आहे. घामाने जागा बदललेली असते.

व्यायामाच्या वेळी ही जागाच महत्त्वाची ठरते. स्नायू जी ऊर्जा वापरतात तिच्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तर! कंबरेवरून ओघळून मोज्यात गेलेला घाम काहीच थंड करत नाही. दमट हवेत, जाड कपड्याखाली किंवा पाठीवर पिशवी असताना नेमकं हेच होतं. पाणी आणि मीठ जातं, उष्णता आतच राहते.

(दृश्य: मनगटावरचं घड्याळ, नाडीचा आकडा.)

दुसरा बदल दिसत नाही, म्हणून तो जास्त फसवा. त्याच मज्जातंतूंच्या काही शाखा हृदयाकडे जातात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच लोकांची व्यायामातली नाडी पूर्वीइतकी वर चढत नाही. घड्याळ ‘सौम्य व्यायाम’ दाखवत असतं आणि इकडे धाप लागलेली असते. वयावरून काढलेल्या नाडीच्या तक्त्यांवर इथे भिस्त ठेवू नये. त्यापेक्षा पळता पळता दोन वाक्यं बोलून बघा. बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे.

व्यायाम पुन्हा कधी सुरू करायचा, हे सर्जनने सांगितल्याप्रमाणेच. पण परवानगी मिळाली म्हणजे उन्हाची सवय झाली असं नाही. निरोगी माणसालासुद्धा उष्ण हवेत रुळायला एक ते दोन आठवडे लागतात. सुरुवातीला वेळ थोडा, वेग कमी, आणि पहाटेचा गारवा. थर्मामीटरइतकंच हवेतल्या दमटपणाकडे बघा.

चेहऱ्याला, मानेला आणि दंडांना घाम येत नसेल, तर तिथे पाणी बाहेरून लावता येतं. स्प्रेची बाटली किंवा ओला रुमाल पुरतो, मात्र वारा लागला पाहिजे. घरात व्यायाम करताना पंखा समोरच ठेवा. हा उपाय इतका साधा आहे, की लोकांना तो उपाय वाटतच नाही.

पिण्याच्या पाण्याचा अंदाज वजनकाट्यावर येतो. व्यायामाआधी आणि नंतर, कमीत कमी कपड्यांत आणि अंग पुसून वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. वजन वाढलं असेल, तर पाणी जास्त झालं. लांब पल्ल्याच्या व्यायामात नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं सोडियम घसरू शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.

एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा. भरपाईच्या घामावर ऑक्सिब्युटिनिन किंवा ग्लायकोपायरोलेटसारखी औषधं देतात. ती सगळ्या अंगाचाच घाम कमी करतात. म्हणजे जी पाठ आतापर्यंत शरीर थंड ठेवत होती, तीसुद्धा कोरडी पडते. अशी गोळी चालू असताना उन्हात जोराचा व्यायाम करणं धोक्याचं आहे.

(दृश्य: दोघे जण सोबत पळताना.)

सोबत कुणी असेल, तर त्याला शस्त्रक्रियेबद्दल आधीच सांगून ठेवा. कोरडा चेहरा आणि घड्याळावरची मध्यम नाडी बघून त्याला सगळं ठीक वाटेल. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, अंगावर काटा येणं, ही थांबायची लक्षणं. बोलणं असंबद्ध झालं, पाय लटपटले, माणूस ओळखेनासा झाला, तर तो उष्माघात समजायचा. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत वाट बघत बसू नका. सावलीत न्या, जास्तीचे कपडे काढा, गार पाण्यात बसवा आणि डोकं पाण्याबाहेर धरून ठेवा. ते शक्य नसेल, तर सगळ्या अंगावर गार पाणी ओतत राहा आणि वारा घाला. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी घालू नका.

आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाला शस्त्रक्रियेची माहिती द्या. नाडी अपेक्षेपेक्षा कमी का दिसतेय, हे त्याला एरवी कळणार नाही.