भिंतीवर चिकटवलेलं ध्येय

(पुण्यात नव्या पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुम्ही मला दिलेला विषय लांबलचक आहे: सवयी, ध्येय आणि यश. त्यातलं यश मी सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवतो, कारण तिघांपैकी ते तुमच्या हातात सगळ्यात कमी आहे. आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले पाठ आहेत, तरी एकदा मोठ्यानं म्हणून बघू. 2023 च्या नागरी सेवा परीक्षेला सुमारे दहा लाख अर्ज आले आणि शेवटी 1016 जणांची शिफारस झाली. हजारात एक. उरलेले नऊशे नव्व्याण्णव आळशी होते किंवा त्यांना ध्येय नव्हतं, असं मानायला मी तयार नाही. टॉपरच्या सत्कारात जे भाषण होतं ते त्या एकाचं असतं. उरलेल्यांना कुणी माइक देत नाही. म्हणून आज मी उरलेल्यांना धरून बोलणार आहे. तो एक जण इथे बसला असेल तर त्याचंही काही बिघडणार नाही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या कॉटशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर पदाचं नाव असतं, कुणाच्या नावापुढे ते पद आधीच लिहिलेलं असतं. एकाच्या खोलीत मी लाल दिव्याच्या गाडीचं चित्रही पाहिलंय. लाल दिवे 2017 च्या मे महिन्यातच उतरले, पण भिंतीवर अजून चालू आहेत! त्या कागदाला मी हसत नाही. घर सोडून, मेसचं जेवून, आठ बाय दहाच्या खोलीत तिघांनी राहायचं तर डोळ्यांसमोर काहीतरी लागतंच. प्रश्न एवढाच आहे की तो कागद उद्या सकाळी तुम्हाला खुर्चीवर बसवतो का?

ब्रिटनमध्ये 2002 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठातल्या 248 विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. काम एवढंच, की येत्या आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं घाम निघेल असा व्यायाम करायचा. पहिल्या गटाला विशेष काही सांगितलं नाही. दुसऱ्या गटाला हृदयविकार कसा होतो, व्यायामानं तो धोका कसा कमी होतो, हे वाचायला दिलं. म्हणजे त्यांना हेतू दिला. तिसऱ्या गटाला तेच वाचायला दिलं आणि वर एक ओळ लिहून घेतली: मी अमुक वारी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. पहिल्या गटात 38 टक्के मुलांनी व्यायाम केला. हेतू मिळालेल्या दुसऱ्या गटात 35 टक्के. आणि एक ओळ लिहिलेल्या तिसऱ्या गटात 91 टक्के.

दुसऱ्या गटाकडे नीट बघा. त्यांची इच्छा वाढली होती, तसं त्यांनी सांगितलंही. पाय मात्र हलले नाहीत. एकाच अभ्यासावर विसंबू नये हे मी वर्गात आयुष्यभर सांगत आलो, म्हणून हेही सांगतो की 2006 साली अशा 94 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. तिथे फरक इतका डोळे दिपवणारा निघाला नाही, पण दिशा तीच निघाली. 'मला अभ्यास करायचाय' यापेक्षा 'मेसमधून परत आलो की चप्पल काढायच्या आधी फोन ड्रॉवरमध्ये टाकीन आणि राज्यघटनेचं पुस्तक उघडीन' हे वाक्य जास्त काम करतं. ते ऐकायला फारच किरकोळ वाटतं, आणि म्हणूनच ते कुणी भिंतीवर लावत नाही.

आता एकवीस दिवसांचं प्रकरण. एकवीस दिवस केलं की सवय लागते, हे तुम्ही मोबाइलवर शंभर वेळा ऐकलं असेल. अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जननं 1960 साली लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनं बदललेला चेहरा आपलासा वाटायला रुग्णाला किमान 21 दिवस लागतात. सांगणाऱ्यांच्या तोंडी फिरता फिरता त्यातला 'किमान' गळाला, शस्त्रक्रिया गळाली, चेहराही गळाला. राहिले एकवीस. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांकडून बारा आठवडे एकेक नवीन गोष्ट रोज करून घेतली आणि ती आपोआप व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं. सरासरी 66 दिवस निघाली. पण सरासरीपेक्षा पसारा महत्त्वाचा: कुणाला 18 दिवस, तर कुणाच्या बाबतीत अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. जेवणाबरोबर पाणी पिण्याची सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. म्हणून बाविसाव्या दिवशी अभ्यासाला बसताना जीव नको नको झाला तर तुमच्यात खोट आहे असं समजू नका. तुम्हाला चुकीचा आकडा सांगितला गेलाय, एवढंच.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. आपल्याकडे काय होतं? गावाकडे लग्न असतं, दोन दिवस जातात. परत आल्यावर मुलगा म्हणतो, टाइमटेबल बोंबललं, आता सोमवारपासून नव्यानं. मग रंगीत पेनं येतात, नवं टाइमटेबल होतं, त्यात सकाळी पाचला उठणं असतं. जो आयुष्यात कधी साताच्या आत उठला नाही तोही पाचच लिहितो. पाचला उठण्यात पुण्य आहे असं कुणी ठरवलं कोण जाणे! सोमवार येईपर्यंतचे चार दिवस मात्र फुकट जातात. ते लग्नापेक्षा महाग पडतात.

तुम्हाला चालू सवय बघायची असेल तर पहाटे टेकडीवर जा. हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती, कुठेही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नवे बूट घातलेले खूप जण दिसतील. फेब्रुवारीत ते नसतात. पण पर्वतीच्या 103 पायऱ्या वर्षानुवर्षं चढणारी काही माणसं असतात. त्यांना विचारा की तुमचं ध्येय काय. ती गोंधळतात. मग सांगतात, अहो, सव्वासहाला खालच्या पायरीशी जोशीकाका थांबलेले असतात. किंवा सांगतात, उतरल्यावर अमृततुल्यमध्ये चहा असतो. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, वाट बघणारा कुणीतरी आणि शेवटी कपभर चहा. शास्त्रज्ञ या चारही गोष्टींना भारदस्त नावं देतात, पण यंत्रणा हीच. तिचं वैशिष्ट्य असं की रोज सकाळी मनाची परवानगी काढावी लागत नाही. परवानगी काढायला गेलं की मन चर्चा सुरू करतं, आणि पहाटेच्या चर्चेत पांघरूण जिंकतं.

तुम्ही म्हणाल, मग ध्येय नकोच का? टेकडी चढणाऱ्याला नसेल तर चालतं. तुम्ही आयुष्याची चार-पाच वर्षं देताय, तुम्हाला पाहिजेच. पण ते कसलं पाहिजे, यावर माझं तुमच्याशी थोडं भांडण आहे. त्यासाठी या शहरातल्याच दोन कामांकडे बघू.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 1858 चा. कोकणातल्या मुरूडहून साताऱ्याला एका परीक्षेसाठी हा मुलगा पावसापाण्यात शंभराहून जास्त मैल चालत गेला. तिथे त्याला सांगितलं गेलं की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, परीक्षेला बसता येणार नाही. आला तसा परत. मॅट्रिक झाला 1881 साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी. तुमच्यात जे 'माझं वय गेलं' म्हणून रात्री जागतात त्यांनी हा आकडा लक्षात ठेवा. 1891 मध्ये कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. 1893 साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्याच वर्षी पुनर्विवाहाला उत्तेजन देणारी मंडळी त्यांनी काढली. काम करता करता त्यांच्या लक्षात आलं की लग्न लावून देणं हा थोड्याच जणींचा मार्ग आहे, शिक्षण जास्त जणींपर्यंत पोचेल. मग 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम निघाला. पुढे तो आश्रम हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरला गेला, तेव्हा तिथे एक साधी झोपडी होती. कॉलेजचं काम आटोपलं की हा प्राध्यापक चालत हिंगणे गाठायचा आणि मुलींना शिकवायचा. आज कर्वे रस्त्यावरून तुम्ही बसनं जाता तेव्हा डेक्कनपासून कर्वेनगर किती लांब पडतं ते बघा, आणि रस्त्याऐवजी चिखल धरा. 1907 मध्ये महिला विद्यालय, 1916 मध्ये महिला विद्यापीठ. विद्यापीठ काढलं तेव्हा वय अठ्ठावन्न. नोकरीतून बाहेर पडून लोक टेकडीवर जायला लागतात ते वय.

मला इथे दोन गोष्टी दिसतात. अण्णांचा, म्हणजे कर्व्यांचा, हेतू पहिल्या दिवशी तयार नव्हता. पुनर्विवाहापासून तो शिक्षणाकडे आला, आश्रमापासून विद्यापीठाकडे गेला. चालता चालता तो स्पष्ट झाला. 'आधी मला माझं ध्येय सापडू दे, मग मी झटून काम करीन' असं म्हणत बसले असते तर मुरूडमध्येच बसले असते. आणि दुसरं, त्या हेतूमध्ये ते स्वतः काय होणार हे कुठेच नव्हतं. 1958 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं, वयाच्या शंभराव्या वर्षी. कुणी शंभराव्या वर्षासाठी टाइमटेबल करत नाही.

दुसरं काम लॉ कॉलेज रस्त्यावरचं, भांडारकर संस्थेतलं. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे उपलब्ध हस्तलिखितं ताडून शक्य तितका जुना पाठ ठरवणारी आवृत्ती, करायचं काम तिथे 1919 साली सुरू झालं. 1259 हस्तलिखितं: शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतली. पद्धत अशी की प्रत्येक श्लोकाला एक कागद. वर श्लोक लिहायचा, एकेका चौकोनात एकेक अक्षर, आणि खाली प्रत्येक हस्तलिखितात त्या अक्षराच्या जागी काय वेगळं आहे ते नोंदवायचं. एक झाला की दुसरा कागद. पर्वं अठरा. 1925 मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. हा माणूस केंब्रिजमध्ये गणित शिकलेला, मग बर्लिनला संस्कृतात डॉक्टरेट केलेला. अठरा वर्षं त्यांनी हे केलं आणि 1943 च्या जानेवारीत ते गेले. अठरातली जेमतेम दोन पर्वं त्यांच्या हातून पुरी झाली होती. काम पुढे बेलवलकर आणि वैद्य यांनी नेलं आणि 1966 मध्ये ते संपलं. सत्तेचाळीस वर्षं.

आता तुमच्या भिंतीवरच्या कागदाच्या हिशेबानं सुकथनकर नापास. महाभारत पुरं झालं नाही, म्हणजे ध्येय गाठलं नाही. पण जगातल्या कुठल्याही संस्कृतच्या अभ्यासकासमोर असं बोलून बघा! महाभारतावर काम करणारा आजही त्यांच्या पद्धतीशी आधी हिशेब करतो आणि मगच पुढे जातो.

म्हणून माझं म्हणणं असं. पदाचं नाव लिहा, हरकत नाही, पण त्याच्या खाली काम लिहा. 'उपजिल्हाधिकारी' याच्या खाली काय? पाण्याचं नियोजन? जमिनीची भांडणं? शाळा? तुम्हाला यातलं काहीही सुचत नसेल, फक्त गाडी आणि गावातला सत्कार सुचत असेल, तर ते प्रामाणिकपणे स्वतःला सांगा. अशा ध्येयावर दोन वर्षं निघतात, पाच निघत नाहीत. ज्याला पाणी हा विषय खरोखर धरतो त्याला भूगोलाचा पेपर ओझं होत नाही. आणि त्याचा कट ऑफ दोन मार्कांनी हुकला तरी त्याच्याकडे पाण्याचं ज्ञान आणि रोज सहा तास एका जागी बसून वाचायची सवय उरते. त्या दोन्हींना बाजारात आणि गावात किंमत आहे. नुसत्या पदाच्या नावाला हुकल्यानंतर काहीच किंमत उरत नाही.

रोजचं माप मात्र लहान ठेवा. चौदा तासांचं टाइमटेबल हे चांगल्या दिवसासाठी केलेलं असतं. तुम्ही वाईट दिवसाचं माप ठरवा. ताप आहे, घरून फोन आलाय, खोलीतला भिडू पास होऊन निघून गेलाय, अशा दिवशीही काय होईल? वीस पानं? दहा प्रश्न? ते ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खुर्चीत करायचं. बाकीच्या दिवशी जास्त होईलच, त्याची चिंता मला नाही.

मागून एका मुलीनं चिठ्ठी पाठवलीय. "सर, माझा चौथा अटेम्प्ट आहे. घरचे म्हणतात, बस झालं. सवय आणि ध्येय दोन्ही आहे. थांबायचं कधी?"

ताई, हा प्रश्न निकालाच्या दिवशी विचारायचा नसतो. त्या दिवशी पास झालेला वेडा असतो आणि नापास झालेलाही. नागरी सेवा परीक्षेचा नियम खुल्या प्रवर्गाला सहा अटेम्प्टची परवानगी देतो, सहा देण्याची सक्ती करत नाही. परीक्षेच्या आधी, डोकं शांत असताना, आई-वडिलांसोबत बसून कागदावर तारीख लिही: इथपर्यंत पूर्ण वेळ, त्यानंतर नोकरी धरून सकाळचे दोन तास. नोकरी कुठली, अर्ज कधी करायचे, तेही त्याच कागदावर. घरच्यांचा विरोध बऱ्याचदा अभ्यासाला नसतो, शेवट दिसत नाही याला असतो. तारीख दिसली की ते थोडे सैल होतात. आणि हो, तो कागद तुझ्या भिंतीवर नको, आईकडे दे. आता पुढची चिठ्ठी घेऊ, नऊ वाजता अभ्यासिकेची रात्रीची बॅच बसते.