लेफ्टनंटच्या विजारीची फीत

लिंकन, नेब्रास्का. साल १८९१. इथल्या विद्यापीठात घोडदळातला एक सेकंड लेफ्टनंट रुजू झाला. वय ३१. नाव जॉन पर्शिंग. नेमणूक होती विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण द्यायची.

१८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेतल्या राज्यांना कॉलेजं काढण्यासाठी सरकारी जमिनी मिळाल्या होत्या. अट अशी, की शेती आणि यंत्रविद्येच्या जोडीला लष्करी शिक्षणही द्यायचं. त्यामुळे कवायत सक्तीची. शेतावरून शिकायला आलेल्या मुलांना तिचं काय कौतुक असणार?

पर्शिंग कडक. बुटांना पॉलिश आहे का, हे ते रोज बघत. पण हा माणूस फक्त हुकूम सोडणारा नव्हता. तो गणित शिकवायचा, आणि इथेच शिकून १८९३ मध्ये त्याने कायद्याची पदवीही घेतली. मुलांनी त्याला जीव लावला तो उगाच नाही.

१८९२ च्या जूनमध्ये ओमाहाला राष्ट्रीय कवायत स्पर्धा होत्या. पर्शिंगनी निवडक मुलांची तुकडी तयार केली. ज्याने एनसीसीत परेड केली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको : रायफल खांद्यावरून खाली येते, दस्ता जमिनीला टेकतो, आणि सगळ्या तुकडीचा मिळून एकच आवाज यावा लागतो. एक जण जरी निमिषभर मागे राहिला, तरी ते डोळे मिटून बसलेल्यालाही कळतं. तिथे हुशारी चालत नाही, शेजाऱ्याचा श्वास ओळखावा लागतो. पहिल्यांदाच उतरणाऱ्या संघांसाठीचं बक्षीस या मुलांनी जिंकलं. १,५०० डॉलर आणि चांदीचा चषक!

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. २ ऑक्टोबर १८९४ रोजी त्या तुकडीतल्या जुन्या मुलांनी स्वतःची संघटना काढली, ‘व्हर्सिटी रायफल्स’. जी कवायत गळ्यात मारली गेली होती, तीच त्यांनी आपणहून मागून घेतली. या सगळ्या इतिहासात मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

१८९५ मध्ये पर्शिंग लिंकन सोडून घोडदळाच्या दहाव्या रेजिमेंटमध्ये जायला निघाले. मुलांनी आठवण म्हणून काय मागावं? त्यांची घोडदळाची विजार! ती मिळाली. तिचं निळं कापड आणि पिवळी पट्टी कापून मुलांनी छोट्या फिती केल्या आणि अभिमानाने गणवेशावर लावल्या. सैनिकाच्या छातीवर दिसणाऱ्या सेवाफितींची अमेरिकेतली सुरुवात कदाचित हीच असावी, असं पुढे खुद्द पर्शिंगना वाटत असे. त्याच वर्षी संघटनेला नाव मिळालं, ‘पर्शिंग रायफल्स’.

पुढे पहिल्या महायुद्धात युरोपात गेलेल्या अमेरिकन फौजेची धुरा याच पर्शिंगकडे आली. युद्ध संपता संपता त्यांच्या हाताखाली सुमारे २० लाख सैनिक होते. नावाला वजन आलं, तशा इतर विद्यापीठांतही तुकड्या उभ्या राहिल्या, आणि १९२८ मध्ये राष्ट्रीय संघटना झाली. मुख्यालय अर्थातच लिंकन.

आता न्यूयॉर्क. १९५४. सिटी कॉलेजमध्ये जमैकाहून आलेल्या आईबापांचा, हार्लेममध्ये जन्मलेला एक मुलगा दाखल झाला. विषय भूगर्भशास्त्र, गुण बेताचे. आरओटीसी, म्हणजे तिकडच्या विद्यार्थ्यांचं अधिकारी-प्रशिक्षण, त्यात तो शिरला आणि काही जणांच्या खांद्यावरच्या गोफाने त्याचं लक्ष वेधून घेतलं. ती पर्शिंग रायफल्सची मुलं. तोही त्यांच्यात गेला, आणि शेवटी त्या तुकडीचा प्रमुख झाला. वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या वर्णांची ती पोरं एकमेकांसाठी काहीही करायला तयार असत. आयुष्यात आपली जागा सापडली ती इथे, असं तो पुढे जन्मभर सांगत आला. त्याचं नाव कॉलिन पॉवेल. १९८९ मध्ये तो अमेरिकेच्या सेनादलांच्या प्रमुखांच्या संयुक्त मंडळाचा अध्यक्ष झाला. आरओटीसीतून येऊन त्या पदावर बसलेला पहिला अधिकारी.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात कॉलेजांमध्ये गणवेशाबद्दल राग साठला. ज्यांच्या वयाची मुलं रोज मरत होती, त्यांचा तो राग खोटा म्हणता येणार नाही. सिटी कॉलेजातलं आरओटीसी १९७२ मध्ये बंद पडलं. ते परत सुरू व्हायला २०१३ उजाडलं, आणि त्या समारंभाला पॉवेल स्वतः हजर होते.