नापास झालेले पक्षितज्ज्ञ

श्रोतेहो, नमस्कार. ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारी माणसे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. पण पाखरे हाकलणे वेगळे आणि पाखरांची जातच देशातून संपवण्याचा हुकूम काढणे वेगळे. 1958 साली माओ त्से तुंग यांच्या चीनमध्ये असा हुकूम निघाला. उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या हे जनतेचे चार शत्रू ठरले. त्या एप्रिलमध्ये बीजिंगमधील माणसे छपरांवर चढून थाळ्या, डबे, ढोल बडवत राहिली; चिमण्यांना कुठेही टेकू दिले गेले नाही आणि उडून उडून दमलेल्या चिमण्या आकाशातून खाली पडू लागल्या. माणसाचा निर्धार निसर्गावर मात करतोच, अशी त्या काळची घोषणा होती. (घोषणा जितकी आखूड तितकी ती लोकांना महाग पडते, असे माझे जुने मत आहे.)

झेंग झुओशिन हे त्या देशातले मोठे पक्षितज्ज्ञ. त्यांनी शेकडो चिमण्यांची पोटे चिरून आत काय आहे ते पाहिले होते. चिमणी धान्य खाते, हे खरेच. पण पिलांना ती किडे भरवते. पुन्हा सांगतो, पिलांना ती किडे भरवते. चिमण्या गेल्या आणि पिकांवरील किडींना रान मोकळे मिळाले. पुढच्या भीषण दुष्काळाला सक्तीची धान्यवसुली आणि उत्पादनाचे फुगवलेले आकडे अधिक जबाबदार होते, परंतु त्यात या किडींचीही भर पडली. 1960 साली शत्रूंच्या यादीतून चिमणी गुपचूप वगळली गेली आणि तिच्या जागी ढेकूण आला.

म्हणजे झेंग यांचे म्हणणे बरोबर ठरले. आणि जी हकीकत सांगण्यासाठी मी आज आलो, ती इथून सुरू होते. 1966 साली सांस्कृतिक क्रांती, म्हणजे जुन्या विचारांच्या ठरवलेल्या माणसांविरुद्धची माओ यांची मोहीम, सुरू झाली, तेव्हा चिमण्यांची बाजू घेतली हाच त्यांचा गुन्हा ठरला. प्रतिगामी अशी पट्टी लावून त्यांना व्हरांडे झाडायला आणि संडास धुवायला लावले. मग त्यांची पक्षिशास्त्राची परीक्षा घेण्यात आली. एक पेंढा भरलेला पक्षी त्यांच्यापुढे ठेवून त्याचे नाव विचारले गेले. साऱ्या चीनचे पक्षी ज्यांना घरच्या माणसांसारखे ठाऊक, त्या झेंग यांना नाव सांगता येईना. येणार कसे? परीक्षकांनी निरनिराळ्या जातींच्या पक्ष्यांचे अवयव एकत्र जोडून तो पक्षी बनवला होता. पुन्हा सांगतो, तो पक्षी जगात नव्हताच. झेंग नापास ठरले आणि त्यांचा पगार कापला गेला.

पुढे 1987 साली चीनमधील पक्ष्यांच्या जातींचा त्यांचा मोठा सूचिग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात चिमणी आहे. परीक्षेतला पक्षी अर्थातच नाही.