नवं यान उडवण्याआधी जुने डबे उघडा

मंडळी, एखाद्या जुन्या विज्ञानमालिकेचं पुनरुज्जीवन होणार अशी बातमी आली की दोन दिवसांत चाहत्यांच्या गप्पांचा रोख ठरून जातो. कप्तान कोण होणार, यानाचा आकार बदलणार का, शीर्षकसंगीत तेच ठेवतील ना. या काळज्या खऱ्या आहेत. शाळकरी वयात जिच्यामुळे गच्चीवर जाऊन तारे बघावेसे वाटले, त्या मालिकेबद्दल माणूस हळवा असणारच. पण मालिकेचं नशीब बहुतेक वेळा भलतीकडेच ठरतं. मूळ फिल्मचे डबे कुठे आहेत, हक्कांचे कागद कोणाच्या कपाटात आहेत आणि लेखकांच्या पदरात किती भाग पडणार आहेत, यावर ते ठरतं. आज मी पहिल्या मुद्द्यावर जास्त वेळ घेणार आहे, कारण त्याबद्दल आपण चाहते विचारतच नाही.

अवकाशस्थानकावर घडणाऱ्या ‘बॅबिलॉन ५’ या अमेरिकी मालिकेचं उदाहरण घ्या. १९९३ साली तिचा पहिला चित्रपट आला, मग १९९४ ते १९९८ या काळात पाच पर्वं, ११० भाग. माणसांचं सगळं चित्रण ३५ मिमी फिल्मवर झालं आणि पुढे रुंद पडद्याचे टीव्ही येतील हे धरून चौकट रुंद ठेवली गेली. अवकाशातली दृश्यं मात्र संगणकावर बनली. सुरुवात अमिगा हे घरगुती संगणक, त्यांना जोडायचं व्हिडिओ टोस्टर हे यंत्र आणि लाइटवेव्ह हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर यांच्यावर झाली. ही दृश्यं तयार झाली ती त्या काळच्या टीव्हीच्या मापाने, म्हणजे ४:३ चौकटीत (रुंदी चार भाग, उंची तीन).

मग मालिका रुंद पडद्यासाठी डीव्हीडीवर आली आणि गणित फसलं. अमेरिकी टीव्हीच्या ४:३ चौकटीत चित्राच्या साधारण ४८० ओळी असत. रुंदी तीच ठेवून रुंद पडद्याचं १६:९ माप करायचं तर उंचीचा पाव भाग वरून-खालून कापावा लागतो. उरतात ३६० ओळी, आणि त्या ताणून मोठ्या पडद्यावर न्यायच्या. त्यामुळे कॉरिडॉरमधला संवाद लख्ख दिसतो आणि पुढच्याच क्षणी स्थानक बाहेरून दाखवलं की चित्र पिठूळ होतं. याहून वाईट अवस्था मिश्र दृश्यांची. नट आणि संगणकी चित्र एका चौकटीत आणायचं तर आधी नटाची फिल्म व्हिडिओवर उतरवत आणि तिथेच जोडकाम होई. त्या जोडलेल्या दृश्याची निगेटिव्ह कधी तयारच झाली नाही. म्हणून खिडकीत तारे दिसत असताना पात्राचा चेहरा धूसर, डोकं वरून थोडं कापलेलं, आणि कॅमेरा वळून मागे भिंत आली की त्याच चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते. घरी डिस्क असेल तर हे दोन शॉट लागोपाठ थांबवून बघा.

२०२१ साली आलेल्या नव्या आवृत्तीत फिल्म पुन्हा स्कॅन झाली आणि सगळी मालिका ४:३ चौकटीत परत नेली गेली. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. माझ्या मते त्या पट्ट्याच योग्य आहेत. आता कापाकापी नाही, संगणकी दृश्यं पूर्ण उंचीत आहेत, फक्त मोठी केलेली आहेत. ती नव्याने का बनवली नाहीत? त्यासाठी मूळ मॉडेलं, त्यांच्यावरचे पोत आणि प्रत्येक दृश्याच्या मांडणीची फाइल लागते, आणि त्या काळी या फाइली जपण्याची वस्तू मानल्या जात नसत. काम संपलं की डिस्कवर पुढच्या कामासाठी जागा केली जाई.

याउलट ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’. तिच्यातली यानं बहुतांशी खरी, हाताने बनवलेली मॉडेलं होती आणि त्यांचं चित्रण फिल्मवर झालं होतं. संकलन व्हिडिओटेपवर झालं असलं तरी जवळजवळ सगळं चित्रण निगेटिव्हवर शिल्लक होतं. त्यामुळे १७८ भागांची फिल्म पुन्हा शोधून, स्कॅन करून, जुन्या संकलनाशी एकेक कट जुळवून मालिका जवळजवळ नव्याने बांधता आली. २०१२ ते २०१४ या काळात सातही पर्वं आली. हे काम इतकं खर्चिक ठरलं की तिच्या पाठच्या दोन मालिकांच्या वाट्याला ते आलं नाही. १९६६च्या मूळ ‘स्टार ट्रेक’चे इफेक्ट्स २००६पासून बदलले गेले, पण २००९च्या ब्ल्यू-रेवर जुनं आणि नवं दोन्ही निवडता येतं. पुनरुज्जीवनाची घोषणा झाली की चाहत्यांनी पहिली मागणी हीच करायला हवी: नवं करा, पण मूळ रूपही तेवढ्याच चांगल्या प्रतीत द्या.

आता आवाज. मुंबईत याची जाण जास्त हवी, कारण डबिंगचं एवढं काम आपल्या अंधेरीत चालतं. मराठीत डबिंग करायचं तर संवाद वगळून उरलेला आवाज वेगळा लागतो. स्टुडिओत त्याला एम अँड ई म्हणतात, म्हणजे संगीत आणि इफेक्ट्स. जुन्या मालिकांची अनेकदा एकच मोनो पट्टी हाती असते, सगळं एकात मिसळलेलं. तिच्यातून संवाद काढायला गेलं की दार सरकल्याचा फुस्स आवाज, यंत्रांची घरघर, पावलांचे आवाज हेही संवादाबरोबर जातात. मग फॉली कलाकाराला, म्हणजे असे आवाज हाताने काढणाऱ्याला, बसवून ते पुन्हा तयार करावे लागतात, आणि वेळ वाचवायला हे टाळलं की पात्रं पोकळ खोलीत बोलल्यासारखी वाटतात. सॉफ्टवेअर आता आवाज बऱ्यापैकी सुटे करतं, पण संगीताच्या वर बोललेल्या ‘स’ आणि ‘श’ यांचे अवशेष मागे राहतात. हेडफोन लावून ऐकलं की ते कळतात.

शिवाय एक प्रश्न आपल्या भाषेचा. इंग्रजीतल्या एका ‘यू’चे मराठीत तू, तुम्ही आणि आपण होतात. कप्तान आणि त्याचा जुना मित्र एकांतात तू-तारे करतील, पण यानाच्या नियंत्रणकक्षात सगळ्यांदेखत तुम्ही म्हणतील. हे पहिल्या भागाआधी तक्ता करून ठरवावं लागतं: कोण कोणाला काय म्हणतो आणि कितव्या भागापासून ते बदलतं. तक्ता नसला की वेगवेगळे अनुवादक वेगवेगळं लिहितात आणि पाचव्या भागातला तू सहाव्यात तुम्ही होतो. मराठी डबिंग हवं म्हणणाऱ्यांनी हा तक्ता मागायला हवा.

हक्कांबद्दल थोडक्यात सांगतो. बीबीसीची जुनी ‘डॉक्टर हू’ परत आणताना तिचे सर्वांत प्रसिद्ध खलनायक, डॅलेक, २००४मध्ये जवळजवळ हातचे गेले होते. त्यांचे निर्माते टेरी नेशन हे बाहेरचे लेखक, त्यामुळे हक्कांत त्यांच्या वारसांचा वाटा होता आणि बोलणी फिसकटल्याचं जाहीरही झालं होतं. पुढे समेट झाला. ‘बॅबिलॉन ५’ नव्याने करण्याची घोषणा सप्टेंबर २०२१मध्ये झाली, पण २०२२मध्ये ती करणाऱ्या ‘द सीडब्ल्यू’ या अमेरिकी वाहिनीची मालकी बदलली, स्वस्त कार्यक्रमांचं धोरण आलं आणि गाडी तिथेच अडली. संहिता वाईट होती म्हणून नव्हे. म्हणून घोषणा वाचताना नटांच्या नावांआधी बघा: हक्क कोणाकडे, पैसा कोणाचा, आणि करार फक्त संहितेचा आहे की चित्रणाचा.

जुनी कथा पुढे न्यायची की पहिल्यापासून सांगायची, यावर चाहत्यांत कायम दुफळी असते. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ १९७८ची. तिच्यातले अपोलो झालेले रिचर्ड हॅच यांनी कथा पुढे नेण्यासाठी झटून १९९९मध्ये स्वतः एक झलकपट बनवला. २००३मध्ये आली ती मात्र पूर्णपणे नवी मांडणी, स्टारबक हे पात्र तर स्त्री झालं होतं. जुन्या चाहत्यांचा संताप मोठा होता. हॅच स्वतः नंतर त्या नव्या मालिकेत टॉम झॅरेकच्या भूमिकेत आले. ती मालिका टिकली, कारण घर उद्ध्वस्त झालेल्या मूठभर माणसांनी माणूसपण कसं राखायचं हा मूळ प्रश्न तिने सोडला नाही, आणि बाकी सगळं बेधडक बदललं. ‘डॉक्टर हू’चं उलट उदाहरण तिच्याच घरातलं आहे. तिचा नायक, डॉक्टर, अधूनमधून रूप बदलतो आणि नटही बदलतो. १९९६च्या चित्रपटाने आधीच्या डॉक्टरपासून सुरुवात केली, जुनं ओझं पहिल्या मिनिटापासून प्रेक्षकाच्या डोक्यावर दिलं आणि पुढे मालिका झाली नाही. २६ मार्च २००५ला आलेला पहिला भाग लंडनच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीच्या नजरेतून उलगडतो. तिला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. सव्वीस वर्षांचा जुना पसारा कथेतल्याच एका मोठ्या युद्धाच्या उल्लेखात मागे टाकला, नाकारला नाही.

भागांची संख्या कमी होतेय याची मला खरी धास्ती वाटते. पूर्वी पर्वाला २२ भाग असत, आता आठ-दहा. खर्चिक भागानंतर पैसे वाचवायला उभ्याच असलेल्या सेटवर दोन पात्रांना कोंडून एक भाग लिहिला जाई, आणि जुन्या मालिकांतले किती तरी लाडके भाग असे जन्मले. आठ भागांत त्यांना जागा उरत नाही. सगळे धावत असतात आणि दुय्यम पात्रं नुसती नावापुरती राहतात.

शेवटी, आपल्या हातात काय आहे. ‘डॉक्टर हू’च्या पहिल्या सहा वर्षांतले नव्वदहून अधिक भाग आज नाहीत. टेप महाग होत्या, पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, आणि फिल्मवरच्या प्रती विक्रीची मुदत संपली म्हणून टाकून दिल्या. पण आवाज सगळ्या भागांचा आहे, कारण चाहत्यांनी घरी टीव्हीवरून तो टेप केला होता. त्याच आवाजावर पुढे हरवलेल्या भागांची ॲनिमेशन झाली.

आपल्याकडे दूरदर्शनवर १९९८मध्ये ‘कॅप्टन व्योम’ लागायचं. अशा मालिकांच्या व्हीएचएस कॅसेट अजून कुठे माळ्यावरच्या ट्रंकेत असतील, तर या पावसाळ्याआधी खाली काढा. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून आत बघा. रिळाच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नका. हेड बरबटतं आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक कॅसेटला लागण होते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून साफ करणाऱ्या माणसाकडेच द्या. चांगली दिसणारी कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवा, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो. चित्र संगणकावर घेताना मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे डळमळणारा सिग्नल स्थिर करणारं यंत्र, लावा, नाही तर चित्राच्या उभ्या कडा लचकतात. ७२० बाय ५७६ मापात, सेकंदाला २५ चौकटी अशा घ्या, आणि इंटरलेसिंग, म्हणजे सम-विषम ओळी आलटून पालटून दाखवण्याची टीव्हीची पद्धत, काढू नका. ते नंतर केव्हाही काढता येतं, परत घालता येत नाही. न दाबलेली फाइल तासाला सुमारे ७५ जीबी होते. एफएफव्ही१सारख्या लॉसलेस, म्हणजे काही न गमावता दाबणाऱ्या, प्रकारात ती बरीच कमी होते आणि चित्रातलं काही जात नाही. अधल्यामधल्या जाहिराती आणि निवेदन कापू नका. प्रक्षेपणाची तारीख पुष्कळदा त्यांच्यावरूनच लागते. दोन प्रती दोन घरांत ठेवा, आणि कॅसेट उभी, सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात. पुड्या दर पावसाळ्यात बदला.