डाळिंब एकच, पोटं वेगळी

तो माईकजवळचा पंखा जरा बंद करता का कुणी, नुसती फरफर ऐकू येतेय. हां, आता ठीक.

हे डाळिंब सकाळी वाशीच्या एपीएमसीतून आणलंय, भगवा. आता मी फोडतो, तुम्ही बघा आपण काय काय फेकतो ते. साल तर जातेच, पण दाण्यांमधला हा पिवळट पापुद्रा, कडू लागतो म्हणून आपण नखाने काढत बसतो, माझी आई तर वाटीत एक कण राहू द्यायची नाही. आणि डाळिंबाचं जे एवढं कौतुक चालतं ना, ते ज्या प्युनिकॅलॅजिनमुळे, ते सगळ्यात जास्त असतं नेमकं या सालीत आणि पापुद्र्यात! म्हणून अख्खं फळ दाबून काढलेल्या ज्यूसमध्ये ते जास्त उतरतं, घरी सोललेल्या दाण्यांच्या रसात कमी. लगेच उद्यापासून साली चावू नका हं, तोंड पार आखडतं.

हे झालं एक पॉलिफेनॉल, म्हणजे झाडं स्वतः बनवतात त्यातलं एक रसायन. चहाचा तुरटपणा, जांभूळ खाल्लं की जीभ रंगते तो रंग, हळदीचा पिवळा, सगळे याच खानदानातले. अँटिऑक्सिडंट असतं, खाल्लं की रक्तात जातं आणि काम करतं असं आपण धरून चालतो, पण यातले बरेच रेणू इतके अवजड असतात की लहान आतडं त्यांना आत घेतच नाही, ९० टक्क्यांच्या वर माल तसाच पुढे मोठ्या आतड्यात जातो असा अंदाज आहे.

आणि तिथे बसलेत आपले भाडेकरू. प्युनिकॅलॅजिन फुटून एलाजिक अ‍ॅसिड झालेलं असतं, त्याच्या रेणूचं एक कडं गोर्डोनिबॅक्टरसारखे जंतू उघडतात, मग गवारीच्या शिरा काढाव्या तसे त्याला चिकटलेले हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचे छोटे तुकडे, एकेक करून काढत जातात, शेवटी उरतं ते युरोलिथिन. छोटं, सुटसुटीत, हे मात्र रक्तात जातं.

पण प्रत्येकाच्या पोटात ही मंडळी नसतात! स्पेनमध्ये मुर्सियाच्या संशोधकांनी शेवटी कुठलं युरोलिथिन बनतं त्यावरून माणसांचे तीन गट केले, ए, बी आणि शून्य. शून्यवाल्यांनी डाळिंब खाल्लं तरी शेवटचं युरोलिथिन बनतच नाही. म्हणजे एकाच ताटलीतून नवरा-बायकोने खाल्लं तरी एकाला मिळतं, दुसऱ्याला गोड दाणे मिळतात, बस.

याचं एवढं काय? २०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की युरोलिथिन ए, म्हणजे युरोलिथिनचाच एक प्रकार, दिल्यावर पेशी आपली जुनी, बिघडलेली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, साफ करतात, आणि मिलिमीटरभर लांबीच्या एका अळीचं आयुष्य ४५ टक्क्यांनी वाढलं. बातम्या धो धो आल्या. पण अळी म्हणजे काय आपले आजोबा नव्हेत. २०२२ मध्ये ६५ वर्षांपुढच्या लोकांना तेच देऊन केलेला प्रयोग छापून आला, स्नायू थकायला जरा जास्त वेळ लागला हे खरं, पण सहा मिनिटं चालायच्या परीक्षेत खोट्या गोळीवाल्यांपेक्षा ठळक फरक काही दिसला नाही. आता याच्या कॅप्सूल मिळतात, घ्यायच्या तर हे ऐकून घ्या.

मला स्वतःला जवस जास्त आवडतं. त्यातल्या लिग्नान नावाच्या पॉलिफेनॉलपासून जंतू एन्टेरोलॅक्टोन नावाचा पदार्थ बनवतात. १९८० च्या सुमारास ते बायकांच्या लघवीत सापडलं तेव्हा लोकांना वाटलं हा शरीराचाच नवा हॉर्मोन, आणि निघाला जंतूंचा उद्योग! अँटिबायोटिक्स घेतल्यावर हे रक्तात कमी होतं हेही फिनलंडमध्ये दिसलंय. आणि हो, अख्खं जवस बरंचसं जसं गेलं तसं बाहेर येतं, म्हणून भाजून कुटलेली चटणीच बरी.

काय काका? आपण कुठल्या गटातले हे कसं कळणार? डाळिंब किंवा अक्रोड काही दिवस खायला देतात आणि लघवी तपासतात, पण ते संशोधनाच्या लॅबमध्ये, आपल्या नाक्यावरच्या पॅथॉलॉजीत विचारलंत तर तो तुम्हाला शुगर करा म्हणेल.

घ्या, ताटली फिरवा. पापुद्रा मी मुद्दाम ठेवलाय.