यात सासू कुठं आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

नाताळ जवळ आला की नाशिकमधल्या बऱ्याच चर्चच्या आवारात उपासना सुटल्यावर एक टेबल मांडलं जातं. टेबलावर धुतलेली चादर, चादरीवर पुस्तकं आणि एका कडेला पुढच्या वर्षाची कॅलेंडरं. कॅलेंडरं बघता बघता संपतात. पुस्तकं चाळली जातात, मागे उलटून किंमत पाहिली जाते आणि पुन्हा जागेवर ठेवली जातात. असं एक टेबल मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. त्यामुळे कोण खरोखर घेणार आणि कोण पाळकसाहेब बघताहेत म्हणून हातात धरून उभं राहिलंय, हे आता लांबूनच ओळखता येतं.

सगळ्यांत जास्त हात जातात संसारावरच्या पुस्तकांकडे. सुखी वैवाहिक जीवन, मुलांना वळण कसं लावावं, पती-पत्नीतला संवाद, अशी पुस्तकं. बहुतेक इंग्रजीतून आलेली. त्यांतला मजकूर वाईट नसतो. वचनं जागच्या जागी असतात, सल्लाही सरळ असतो. पण मागे एका बाईंनी असंच एक पुस्तक उभ्या उभ्या अर्धं चाळलं आणि मला विचारलं, ‘दादा, यात सासू कुठं आहे?’

मला हसू आलं, पण प्रश्न रास्त होता. त्या पुस्तकातल्या घरात नवरा, बायको आणि दोन मुलं एवढीच माणसं राहत होती. नवऱ्यानं आठवड्यातून एकदा बायकोला बाहेर जेवायला न्यावं, असा त्यात उपाय सुचवलेला. विचारणाऱ्या बाई सिडकोत दोन खोल्यांत राहतात. घरी सासू-सासरे, लग्नाची नणंद आणि नवरा अंबडच्या कारखान्यात शिफ्टवर. रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या माणसानं बायकोला जेवायला न्यायचं तरी कधी?

तेव्हा पुस्तक घेताना ते आपल्या घरात कधी शिरलंय का, हे आधी बघावं, असं मला वाटायला लागलं. विश्वासावरचं असो, भक्तीवरचं असो नाहीतर मंडळी चालवण्यावरचं. आणि असं पुस्तक मराठीत नाही, असं कुणी म्हणू नये. आहे, आणि ते आपल्याच गावाकडचं आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या गोदाकाठच्या जलालपूरचा. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली निघाला आणि १९३६ साली त्या इथंच नाशिकला वारल्या. शाळेत धड्याला उतारा असायचा, म्हणून नाव सगळ्यांना माहीत. पण मंडळीतली माणसं ते ‘साहित्य’ म्हणून बाजूला ठेवतात आणि संसारावरचं पुस्तक मागायला माझ्याकडे येतात, याचं मला दर वर्षी नवल वाटतं. एका ख्रिस्ती घराचा इतका उघडा हिशेब मी तरी मराठीत दुसरा वाचलेला नाही.

काय नाही त्यात? सोवळ्याचं वेड लागलेले वडील आहेत. अकराव्या वर्षाच्या आसपास झालेलं लग्न आहे. नवरा बुद्धीनं तल्लख, कवी, तापट, लहर लागली की न सांगता घर सोडून जाणारा. हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या अडचणीला देऊन मोकळा होणारा. आणि एक दिवस त्यानं ख्रिस्ती व्हायचं ठरवलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढची चार-पाच वर्षं त्या लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. नंतर टिळकांकडे आल्या, तरी सोवळं सुटलेलं नव्हतं. जात माणसानं केली की देवानं, हा विचार त्यांनी स्वतःशीच, कुणाचं प्रवचन न ऐकता केला, आणि एकदा मनाशी ठरल्यावर मग कुणाच्याही हातचं खाल्लं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्या जिल्ह्यात अशी कितीतरी घरं आहेत, जिथं एक जण विश्वासात आलाय आणि दुसरा अजून उंबऱ्यावर उभा आहे. सल्ल्याच्या पुस्तकात अशा घरांसाठी एखादा परिच्छेद असतो. प्रार्थना करा, धीर धरा. लक्ष्मीबाई तो धीर दिवसाच्या हिशेबानं दाखवतात. त्यात अबोला आहे, माहेरच्यांचे टोमणे आहेत, रडारड आहे. आणि मधेच असं काहीतरी येतं, की वाचणारा खो खो हसत सुटतो. पती-पत्नींनी एकमेकांना समजून घ्यावं, असा उपदेश कुठंच नाही. टिळकांवर त्यांचा जीव होता आणि रागही होता. दोन्ही त्या लपवत नाहीत.

महिला मंडळाला माझं सांगणं असं, की हे पुस्तक प्रत्येकीनं विकत घेऊन घरी ठेवू नये. एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी भाजी निवडत ऐकावं. ते बोलल्यासारखंच लिहिलंय. शाळेतलं शिक्षण म्हणावं असं लक्ष्मीबाईंचं झालेलं नव्हतं, आणि पुस्तकाच्या दृष्टीनं ते बरंच झालं, असं मला कधीकधी वाटतं.

आता भक्तीची पुस्तकं. इथं फार सांगावं लागत नाही, कारण ‘उपासना संगीत’ हे भक्तिगीतांचं पुस्तक घराघरात आहे. प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं, शिवण सुटलेलं, आणि कोऱ्या पानावर कुणाच्या तरी जन्माच्या नाहीतर मृत्यूच्या तारखा बॉलपेननं लिहिलेलं. टिळकांची पदं त्यातच आहेत. आपल्या लोकांना अभंगाची आणि ओवीची चाल लागते, पेटी-तबला लागतो, हे त्यांनी ओळखलं आणि ख्रिस्ताची भक्ती त्या चालीत आणली. हल्ली गाण्याचे शब्द भिंतीवर प्रोजेक्टरनं दाखवतात. माझी तक्रार नाही, म्हाताऱ्यांना अक्षर मोठं दिसतं. पण भिंत घरी नेता येत नाही. रात्री आजारी माणसाच्या उशाशी बसून गायचं म्हटलं तर पुस्तकच लागतं. लाइट गेलेली असली तर जास्तच.

पाळक जवळ नसताना भक्तीचं पुस्तक कसं उपयोगी पडतं, याची एक गोष्ट आपल्या शरणपूरची आहे. आज शरणपूर रोड म्हटलं की आपल्याला दुकानं आणि सिग्नल आठवतात. तिथं १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या प्राइस साहेबांनी ख्रिस्ती वस्ती वसवली. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणाऱ्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही पुढं तिथं आणली गेली, शिकली, हातात कसब घेऊन मोठी झाली. त्यांतला एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा मिशनरी आणि प्रवासी आफ्रिकेच्या आतल्या भागात १८७३ साली वारला, तेव्हा त्याच्या माणसांनी त्याचं हृदय तिथंच एका झाडाखाली पुरलं. आसपास कुणी पाद्री नव्हता. अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या या जेकबनं. मग ते शव त्यांनी महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणलं, आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत जेकबही होता. शरणपूरच्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? संडे स्कूलच्या एखाद्या पातळशा पुस्तकात ही गोष्ट यायला हवी. मी अजून पाहिलेली नाही.

पुढारपणाच्या पुस्तकांकडे वळलो की माझा सूर जरा चढतो, तेवढं सांभाळून घ्या. ही पुस्तकं दिसायला देखणी असतात. आत बाण, वर्तुळं, यशस्वी नेत्याच्या सात सवयी. आणि आपल्याकडे पंचांची बैठक कशावरून फिसकटते? दफनभूमीत जागा उरली नाही म्हणून. चर्चच्या गाळ्याचं भाडं थकलं म्हणून. प्रीतिभोजनाच्या तांदळाचा हिशेब लागत नाही म्हणून. निवडणुकीत कुणाच्या मेव्हण्याचं नाव यादीतून गळलं म्हणून. यावर बाण आणि वर्तुळं काय करणार?

त्यापेक्षा बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडावा. पहिल्या मंडळीत नेमकं हेच झालं होतं. रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली. प्रेषितांनी त्यांना गप्प बसवलं नाही. सगळ्यांना बोलावलं, सात माणसं निवडायला सांगितली आणि ते काम त्यांच्या हाती सोपवलं. त्या सातांची नावं बघा, सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हातात वाटणी दिली. एवढा एक मुद्दा आपल्या पंचायतीत अमलात आला, तर निम्मे अर्ज खाली बसतील. आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल विचारतो, की ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार? संसाराची आणि पुढारपणाची पुस्तकं मी एकाच ढिगात ठेवतो ती यामुळे. गिऱ्हाईक गोंधळतं, पण ठेवतो.

मंडळीनं आपल्या पायावर कसं उभं राहावं, याचा टिळकांनी शेवटच्या वर्षांत ध्यास घेतला होता. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांसाठी, बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आणि न झालेल्यांसाठीही. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि ते काम अर्धंच राहिलं. पण आपल्या देशातल्या मंडळीचा कारभार कुणाच्या पैशावर आणि कुणाच्या रीतीनं चालावा, हा प्रश्न त्यांनी तेव्हा विचारला होता, आणि आजच्या किती बैठकांत तो विषयपत्रिकेवर असतो? तांदळाचा हिशेब मात्र टिळकांच्या हाती देऊ नये, हे लक्ष्मीबाईंचं पुस्तक वाचलेल्या कुणालाही पटेल.

विश्वासाची पुस्तकं म्हणजे मुळात पवित्र शास्त्र, बाकीची त्याच्या आजूबाजूची. फादर स्टीफन्स हा इंग्रज माणूस गोव्यात आला आणि त्यानं १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापलं ते मराठी ओवीत, कारण ऐकणाऱ्यांना पुराणं ऐकायची सवय होती. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि १९२२ साली त्या गेल्यावर दोन वर्षांनी ते केडगावच्या मुक्ती मिशननं प्रसिद्ध केलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जुनं की नवं, यावर आमच्या टेबलापाशी दर वर्षी वाद होतो. आजोबांना जुन्या वाक्यांचा नाद सोडवत नाही, नातीला त्यातलं निम्मं कळत नाही. मी दोन्ही विकतो आणि वादात पडत नाही.

आता एक अवघड गोष्ट. टिळकांचं घर ब्राह्मणाचं होतं. आपल्यातली बहुतेक घरं तशी नाहीत. गावकुसाबाहेरून आलेली माणसं, दुष्काळात पोरकी झालेली मुलं, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरची कुटुंबं, यांनी विश्वास कसा धरला, त्यांच्या घरातल्या सासवा-सुना कशा नांदल्या, पहिला पाळक कोण आला आणि तो सायकलवर आला की पायी, हे फारच थोडं लिहिलं गेलंय. म्हणजे त्या बाईंच्या हाती ‘स्मृतिचित्रे’ दिली, तरी त्यांची सासू त्यात पूर्णपणे सापडणार नाही. मी ती दिली, आणि त्यांना आवडलीही. तरी उणीव राहतेच.

थोडी पुस्तकं येताहेत. निवृत्त पाळक पदरचे पैसे घालून आत्मकथन छापतात. प्रुफं धड तपासलेली नसतात, अक्षर मुंगीएवढं असतं, आणि मुखपृष्ठावर कुठल्यातरी थंड देशातल्या कुरणात पांढरीशुभ्र मेंढरं असतात. आपल्याकडे रस्त्यानं धनगरांचे कळप जातात, त्यांचा फोटो काढायला कुणाला सुचत नाही! पण आत एखादं पान असं निघतं, की भर पुरात नदी ओलांडून प्रभुभोजन द्यायला गेलेला माणूस डोळ्यांपुढं उभा राहतो. अशी पुस्तकं मी स्वतःसाठी आधी एक बाजूला काढून ठेवतो. लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती, की छापायला देण्याआधी एखाद्या मराठीच्या शिक्षकाकडून हस्तलिखित वाचून घ्या. पहिली वीस पानं वंशावळ आणि आभार यांत घालवू नका. बायकोबद्दल एका ओळीत ‘तिची मोलाची साथ लाभली’ असं लिहून सुटू नका. ती काय म्हणत होती ते लिहा.

आणि ज्यांना लिहिणं जमत नाही, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावं. चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याची तारीख, आईवडिलांचं नाव आणि गाव मिळतं. ते आधी कागदावर उतरवून घ्या, म्हणजे विचारायला धागा सापडतो. बाकीचं आजीला विचारा. मात्र दुपारची झोप आणि चहा झाल्यावर विचारा, त्याआधी विचाराल तर ती काही सांगायची नाही.

नमस्कार.