आधी वेळापत्रक, मग रंग

(शाळाप्रमुखांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. कलेच्या आधारे शाळा कशी बदलावी, यावर बोला असं मला सांगितलंय. सुरुवात माझ्या एका फसलेल्या उद्योगापासून करते, कारण इथल्या निम्म्या जणांनी तोच उद्योग केलेला असणार आणि उरलेल्यांच्या तो मनात असणार.

मुख्याध्यापिका झाले त्याच वर्षी मी शाळेची दर्शनी भिंत रंगवून घेतली. पेंटर बोलावला. त्यानं चार दिवसांत झाडं, पक्षी, हातात पुस्तक धरलेली दोन हसरी मुलं असं सगळं काढलं. ते चार दिवस भिंतीसमोर दोरी बांधली होती, ओल्या रंगाला कुणी हात लावू नये म्हणून. दोरीच्या अलीकडे मुलं, पलीकडे चित्र. मग पाहुणे आले, फोटो निघाले, ‘शाळेचा कायापालट केलात’ असं लोक म्हणाले आणि मलाही ते खरं वाटलं. आत वर्गात मात्र फळ्यावरचं वहीत, वहीतलं पेपरात, हेच चालू होतं. ती दोरी मला फार उशिरा दिसली.

नंतर मी एक साधी गोष्ट केली. चित्रकलेच्या तासाला घड्याळ घेऊन मागच्या बाकावर बसले. तास ३५ मिनिटांचा. मुलं जागेवर बसेपर्यंत ५ मिनिटं गेली. कागद वाटणं, रंग काढणं, पाणी आणणं यात ८. शेवटी ब्रश धुणं आणि सांडलेलं पुसणं यात ७. हातात उरली १५. पंधरा मिनिटांत मूल काय काढणार? जे हाताला आधीच पाठ आहे तेच. दोन डोंगर, मधून सूर्य. आपण वर म्हणतो, मुलांना कल्पनाशक्तीच राहिली नाही! त्यात हा तास दिवसातला शेवटचा, आणि कुणी रजेवर गेलं की अभ्यासक्रम पुरा करायला पहिला हात त्याच्यावर पडायचा.

त्या दिवशी मला माझं काम कळलं. चित्र मला काही फारसं येत नाही. गाणं तर विचारूच नका. पण शाळाप्रमुखाच्या ताब्यात दोन कागद असतात: वेळापत्रक आणि शिक्षकसभेची विषयपत्रिका. कलेनं शाळा बदलायची असेल तर हे दोन कागद बदलावे लागतात. ते जसेच्या तसे ठेवून बाकी काहीही करा, भिंत रंगवल्यासारखंच आहे.

आधी वेळापत्रकाचं सांगते. पाचवी ते आठवी, आठवड्यातून एक जोडतास. ७० मिनिटं. मांडामांड आणि आवराआवर यांना लागणारी २० मिनिटं तेवढीच राहतात, म्हणजे कामाला ५० मिळतात. तास दुप्पट केला आणि कामाचा वेळ तिपटीहून जास्त झाला. आता हा जादा तास आणायचा कुठून? मी तो दर आठवड्याच्या सराव चाचणीतून काढला. सभेत गणिताचे सर उभे राहिले. ‘मॅडम, निकाल खाली आला तर उत्तर कोण देणार?’ मी म्हटलं, ‘मी देईन.’ तसं म्हणताना पोटात गोळा आला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. पण हे वाक्य प्रमुखालाच म्हणावं लागतं. ते शिक्षकांवर ढकललं की तिसऱ्या महिन्यात जोडतास गुपचूप सराव चाचणीकडे परत जातो.

निकालाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. पालकसभेत ‘कलेमुळे गणिताचे मार्क वाढतात’ असं कृपा करून सांगू नका. एलेन विनर आणि लोइस हेटलंड या दोन संशोधक बायकांनी २००० साली जुने-नवे शेकडो अभ्यास एकत्र करून पडताळले. दोघीही कलाशिक्षणाच्या बाजूच्या. निष्कर्ष काय निघाला? कला शिकणाऱ्या मुलांचे मार्क जास्त दिसतात, पण ते कलेमुळे वाढले असं सिद्ध होत नाही. ठाम पुरावा मिळाला तो थोड्याच ठिकाणी. उदाहरणार्थ, वर्गात गोष्टीचं नाट्य केलं तर भाषेची समज वाढते. कलाप्रेमी मंडळी त्यांच्यावर चिडली. मला मात्र त्या दोघींचा आदर वाटतो. गणितासाठी म्हणून कला आणली तर ज्या दिवशी मार्क वाढणार नाहीत त्या दिवशी ती हाकलली जाईल, हा त्यांचा मुद्दा होता.

अलीकडचा एक अभ्यास अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा. डॅनियल बोवेन आणि ब्रायन किसिदा यांनी तो २०१९ मध्ये मांडला. ४२ शाळा, दहा हजारांवर मुलं, आणि कुठल्या शाळांना कलेचे जादा अनुभव द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, त्यामुळे तुलना खरी. त्या शाळांत शिस्तभंगाची कारवाई झालेल्या मुलांचं प्रमाण शंभरात ३.६ नं कमी झालं, लेखनाचे गुण सुधारले, दुसऱ्याबद्दलची कणव थोडी वाढली. पालकांना सांगायचं तर हे सांगा. यात चमत्कार नाही, पण शाळा चालवणाऱ्याला यातला प्रत्येक शब्द हवासा वाटेल.

हेटलंड आणि विनर पुढे आपल्या सहकाऱ्यांबरोबर चांगल्या कलाशिक्षकांच्या वर्गात जाऊन बसल्या. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झीरो’मधलं हे काम. नेल्सन गुडमन या तत्त्वज्ञानं १९६७ मध्ये हा प्रकल्प सुरू केला आणि कलाशिक्षणाबद्दल आपल्याला पक्कं असं शून्य माहीत आहे, म्हणून नावच शून्य ठेवलं. मला हा माणूस तेवढ्यावरूनच आवडतो. तर, त्या वर्गांत त्यांना काय दिसलं? शिक्षक थोडं बोलतो, करून दाखवतो. मग बराच वेळ मुलं काम करतात आणि शिक्षक वर्गभर हिंडत एकेकाशी हळू आवाजात बोलतो. मधेच सगळे थांबतात, एकमेकांचं अर्धवट काम बघतात, पुन्हा कामाला लागतात. एवढंच. आता हा तास निबंधाचा किंवा प्रयोगवहीचा करून बघा. कलेकडून शाळेनं उचलायचं ते हे आहे, तासाची ही ठेवण. रंगपेट्या नंतर घ्या.

अर्धवट काम बघणं, हा भाग मात्र आपल्याला जड जातो. आपण पक्कं झालेलंच बघतो आणि त्यावर मार्क देतो. अमेरिकेतले शिक्षक रॉन बर्गर एक उदाहरण नेहमी दाखवतात. पहिलीतल्या एका मुलाला फुलपाखराच्या फोटोवरून शास्त्रीय चित्र काढायचं होतं. पहिल्या प्रयत्नात पहिलीतलं मूल काढेल तसं गोलगोल फुलपाखरू. वर्गातल्या मुलांनी आधी फक्त आकाराबद्दल सांगितलं: पंख टोकदार कर, ते जास्त त्रिकोणी आहेत. तो काढत गेला. आकार जमल्यावर नक्षीबद्दल सांगितलं. सहाव्या खेपेचं चित्र बघून ते पहिलीतल्या मुलाचं आहे यावर विश्वास बसत नाही. मधे कुणीही त्याचा हात धरलेला नाही. सांगताना तीन पथ्यं पाळायची: मायेनं सांगा, नेमकं सांगा, उपयोगाचं सांगा. आमच्याकडे पहिल्या महिन्यात मुलं नुसतं ‘छान आहे’ म्हणायची. शिक्षकही तेच म्हणायचे.

म्हणून दुसरा कागद, शिक्षकसभा. आमची सभा म्हणजे सूचनांचं वाचन. मी सूचना फलकावर लावायला सुरुवात केली आणि सभेची ४० मिनिटं एका मुलाचं एक काम बघण्यासाठी ठेवली. ‘प्रोजेक्ट झीरो’च्याच स्टीव्ह सायडेल यांनी यासाठी एक रीत बसवली आहे. ज्या शिक्षकाच्या वर्गातलं काम आहे तो गप्प बसतो. बाकीचे आधी फक्त काय दिसतं ते सांगतात. चांगलं-वाईट म्हणायचं नाही. मग कोणते प्रश्न पडतात ते. मग हे मूल कशाच्या मागे लागलंय असं वाटतं ते. शिक्षक बोलतो तो त्यानंतर.

पहिल्या सभेत सायकलचं चित्र होतं, सहावीतल्या मुलाचं, पेन्सिलचं. एक मिनिट कुणीच बोलेना. मग भाषेच्या बाई म्हणाल्या, दोन्ही पायडल एकाच बाजूला दिसतात. विज्ञानाचे सर म्हणाले, चेनच नाही. पुन्हा शांतता. मग आमच्या सर्वांत अबोल बाईंनी कागद उचलून खिडकीच्या उजेडात तिरपा धरला आणि म्हणाल्या, ‘चेन होती. खोडली आहे. तीनदा काढून खोडली आहे, कागद बघा कसा खरखरीत झालाय.’ आम्ही सगळ्यांनी बोट फिरवून पाहिलं. चेन दातेरी चक्रावर नेमकी कशी बसते ते त्या मुलाला कळत नव्हतं, आणि कळत नाही ते खोटं काढायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. मग वर्गशिक्षिका बोलल्या. विज्ञानाची वही कोरी ठेवणारा मुलगा तो हाच. विज्ञानाचे सर त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची सायकल वर्गात आडवी घातली, एवढं मला माहीत आहे.

आता कलेतून विषय शिकवणं, म्हणजे ‘कलासमावेशक अध्यापन’, या भारदस्त नावाखाली काय काय चालतं ते थोडं बोलू. पाढ्यांना चाल लावली म्हणजे संगीत शिकवलं असं नाही. फुलाच्या भागांचं पुस्तकातलं चित्र उतरवून रंगवलं तर तो फार तर सुबकपणाचा सराव. वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटर या कलाकेंद्रानं याची एक व्याख्या केली आहे, तिच्यातली एक अट मी कायम धरते: कलेचं आणि विषयाचं, दोन्हींचं उद्दिष्ट साधलं पाहिजे. एकानं दुसऱ्याची हमाली करायची नाही.

आमच्या त्याच गणिताच्या सरांचा तास सांगते. लसावि शिकवायचा होता. वर्गाचे दोन गट केले. सर टेबलावर सारख्या अंतरानं ठोके देत होते. एका गटानं दर तिसऱ्या ठोक्याला टाळी वाजवायची, दुसऱ्यानं दर चौथ्या, सुरुवात मात्र एकत्र. पहिली खेप पाच ठोक्यांत कोसळली, कारण दुसऱ्या गटाची टाळी ऐकली की आपली चुकते. संगीतातला कठीण भाग हाच, दुसऱ्याचं ऐकत आपली लय धरून ठेवणं. दहा मिनिटं नुसती त्यात गेली आणि सरांनी ती जाऊ दिली. मग जमलं. पहिल्या टाळीनंतर बारा ठोके गेले की दोन्ही गटांची टाळी एकदम, फाडकन. मुलं ओरडलीच. मग सर म्हणाले, आता सहा आणि चार. मुलांनी आधीच जाहीर केलं, चोवीस! वाजवायला लागली, आणि टाळी एकत्र पडली बाराव्यालाच. वर्ग गप्प. एक मुलगी म्हणाली, ‘सर, कुणीतरी चुकलं.’ पुन्हा वाजवलं, पुन्हा बारा. गुणाकार केला की लसावि मिळतो, ही मुलांची ठाम समजूत त्यांच्या स्वतःच्या हातांनी मोडली. पुढचा अर्धा तास ‘असं का’ यावर गेला. फळ्यावर मांडणी आली ती सगळ्यात शेवटी.

बाहेरच्या कलाकारांना बोलवावं का, असं बरेच जण विचारतात. बोलवा, पण एका दिवसाच्या कार्यशाळेसाठी नको. इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या बालशाळांत चित्रशाळा आणि तिथला कलाकार-शिक्षक हे शाळेचंच अंग असतात. कलाकार तिथे कायमचा नोकरीला असतो, वर्गशिक्षकांबरोबर बसून मुलांचं बोलणं आणि चित्रं टिपून ठेवतो. त्या शाळांचं मूळही लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९४५ मध्ये महायुद्ध संपताच तिथल्या एका खेड्यातल्या लोकांनी जर्मन सैन्य मागे टाकून गेलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून शाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्सी नावाचे तरुण शिक्षक हे ऐकून सायकलवर तिथे गेले आणि पुढे आयुष्यभर त्याच कामात राहिले. इंग्लंडमध्ये ‘क्रिएटिव्ह पार्टनरशिप्स’ ही सरकारी योजना २००२ मध्ये सुरू झाली. तिनं हजारो शाळांत कलाकार नेले, चांगलं कामही झालं. सरकारनं निधी काढून घेतला आणि २०११ मध्ये ती बंद पडली. बाहेरच्या पैशावर उभं केलेलं काम बाहेरच्या निर्णयानं थांबतं. वेळापत्रक बदलायला पैसे लागत नाहीत, म्हणून मी तिथून सुरुवात करा म्हणते.

पण तेही पक्कं नसतं. मी निवृत्त झाले तेव्हा नव्या मुख्याध्यापिकांना वेळापत्रकाची फाइल दिली आणि मुलांच्या कच्च्या चित्रांचा एक खण दिला. त्या हुशार आहेत, त्यांच्यावर वरून दाबही माझ्यापेक्षा जास्त आहे. काम बघण्याची सभा त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा केली. मधल्या आठवड्यात शिक्षक आपणहून बसतात, सायकल आणणारे विज्ञानाचे सर तर न चुकता. पाचवी, सहावी, सातवीचे जोडतास चालू आहेत. आठवीचा मात्र गेला, तिथे पुन्हा सराव चाचणी असते. त्यासाठी मी दोनदा जाऊन बसले. अजून मिळालेला नाही.